वाचकाचे डोळे आणि वाचनाचीं साधनें

डोळा हें ज्ञानाचें द्वार, असें म्हणून त्याची थोरवी आपल्याकडे पुष्कळ गाइली गेली आहे. परंतु त्या द्वाराचा उंबरठा किती झिजतो, याचा विचार ग्रंथकारांनीं क्वचितच केला. तो केला ठसे पाडणारांनीं, कागद करणारांनीं, चष्मे घासणारांनीं, आणि अलीकडे विजेचा कागद बनविणारांनीं. हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो: डोळ्यांस सुखकर असा ई-रीडर कोणता घ्यावा? विचारणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो, किंवा तशा वडिलांचा मुलगा असतो. प्रश्न बाजारांतला दिसतो खरा. पण त्याची वंशावळ सातशें वर्षांची आहे, आणि ती ठाऊक असल्यावांचून उत्तर नीट देतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मनुष्याच्या डोळ्यांतील भिंग वयाबरोबर ताठर होत जातें, आणि चाळिशीच्या सुमारास जवळचें अक्षर अंधुक दिसूं लागतें. आपल्या भाषेनें या अवस्थेस 'चाळिशी' म्हटलें आणि चष्म्यासहि तेंच नांव दिलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत बहिर्गोल भिंगांचे चष्मे निघाले. त्यापूर्वीं पंडिताचें वाचन नेमकें त्याच्या विद्येच्या परिपाकाच्या वेळीं थांबे. वाचून दाखविणारा शिष्य मिळाला तर ठीक. नाहीं तर पाठांतरावर निर्वाह. चष्म्यानें अशा वाचकाचें वाचनायुष्य कित्येक वर्षांनीं वाढविलें. पुढें पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत सुट्या ठशांचें मुद्रण सुरू झालें, तेव्हां छापील ग्रंथांस एक वृद्ध वाचकवर्ग आयताच मिळाला.

छपाई आली, आणि डोळ्यांच्या तक्रारीहि तिच्याबरोबर आल्या. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें जॉन बास्करव्हिल नांवाचा एक विलक्षण कारागीर होऊन गेला. त्यानें १७५७ सालीं व्हर्जिलची जी आवृत्ति काढली, तिचे ठसे, तिची गडद शाई आणि तिचा गुळगुळीत कागद पाहून युरोपांतील रसिक थक्क झाले. परंतु इंग्लंडांत कित्येकांनीं कुरकुर केली कीं, या ठशांतील रेघा फारच बारीक आहेत, त्यांनीं राष्ट्राचे डोळे जातील. बेंजामिन फ्रँक्लिन त्या वेळीं लंडनांत होता. स्वतः मुद्रक असलेल्या या गृहस्थानें १७६० सालीं बास्करव्हिलला एका पत्रांत जी हकीकत कळविली, ती मोठी मार्मिक आहे. अशाच एका टीकाकारापुढें त्यानें एक नमुन्याचा कागद ठेवला आणि हे बास्करव्हिलचे ठसे म्हणून सांगितलें. वास्तविक ते होते कॅस्लनचे, म्हणजे ज्या ठशांतील पुस्तकें तो टीकाकार जन्मभर सुखानें वाचीत आला होता तेच! कागदावरील कॅस्लनचें नांव फ्रँक्लिननें आधींच फाडून टाकलें होतें. टीकाकारानें त्यांतील दोष एकामागून एक दाखविले, आणि ते वाचतांना आपले डोळे दुखतात असेंहि सांगितलें. डोळ्यांच्या दुखण्यांत पूर्वग्रहाचा वांटा किती असूं शकतो, याचा इतका निर्विवाद दाखला दुसरा सांपडणें कठीण.

तथापि सगळेंच दुखणें मनाचें नसतें. गणकयंत्रांचा आद्य प्रवर्तक चार्ल्स बॅबेज यानें या प्रश्नाची तड प्रयोगानें लावण्याचें मनांत आणलें. अंकांचीं कोष्टकें वाचणाराचे डोळे थकतात आणि थकलेल्या डोळ्यांच्या हातून चुका होतात, हें तो जाणून होता. १८२७ सालीं त्यानें लघुगणकांचें कोष्टक पिवळसर कागदावर छापलें. तेवढ्यानेंहि समाधान न होऊन १८३१ सालीं त्यानें तेंच कोष्टक नाना रंगांच्या कागदांवर नाना रंगांच्या शाईंनीं छापविलें. त्याचे २१ खंड झाले. आजचा वाचक रात्रीं आपल्या यंत्राचा पांढरा प्रकाश पिवळसर करतो, तेव्हां तो बॅबेजच्याच वाटेनें जात असतो.

योगायोग असा कीं, त्याच १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. मराठीची छपाई त्यापूर्वीं श्रीरामपुरास सुरू झाली होती. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण तेथें १८०५ सालीं निघालें. परंतु देवनागरी अक्षर धातूंत उतरविणें हें रोमन अक्षर उतरविण्याहून अवघड काम. आमची लिपि तीन मजल्यांची: वर वेलांट्या, मात्रा व अनुस्वार, मध्यें शिरोरेषेस टांगलेलें अक्षर, खालीं उकार, आणि शिवाय जोडाक्षरांची दाटी. ठसा लहान केला तर त्या दाटींत शाई भरून अक्षराचे डोळेच बुजतात. मोठा केला तर ग्रंथ फुगतो आणि महाग होतो. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं या ठशांना सुबकपणा आणला. त्याच छापखान्यांत बाळपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि लहान असूनहि स्वच्छ दिसणारें अक्षर सामान्य माणसाच्या घरांत नेलें. संस्कृत ग्रंथांचे भारतांतील व भारताबाहेरील अभ्यासक निर्णयसागरच्या आवृत्त्यांस मान देत, त्यांत शुद्धतेइतकाच त्या अक्षराच्या सुवाच्यतेचाहि भाग होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा विषय कारागिरांच्या हातून वैद्यांच्या हातीं गेला. ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यानें १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ सालीं दाखवून दिलें कीं, खेड्यांतील शाळांपेक्षां शहरांतील वरच्या शाळांत, आणि खालच्या वर्गापेक्षां वरच्या वर्गांत, जवळचेंच दिसणारीं मुलें अधिक असतात. त्यानें दोष दिला तो अपुऱ्या उजेडास, वाईट बाकांस आणि बारीक छपाईस. मोकळ्या उजेडांत मुलें फारशीं जात नाहींत, हेंहि याचें एक मोठें कारण असल्याचें आजचे संशोधक मानतात. पॅरिसमध्यें एमिल जावाल याच्या प्रयोगशाळेंत १८७९ च्या सुमारास दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. वाचतांना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जात नाहीं. चिमणीसारखा टुणटुण उड्या मारीत जातो, आणि दोन उड्यांच्या मध्यें क्षणभर थांबतो तेवढ्यांतच वाचून घेतो. रोमन अक्षराची ओळख मुख्यत्वें त्याच्या वरच्या अर्ध्या भागावरून पटते, हेंहि त्यानें दाखविलें. आमच्या लिपींत वरचा कांठ शिरोरेषेनें एकसारखा करून टाकला आहे. तेव्हां तिच्या वाचकास अक्षराचें पोट आणि पायहि स्पष्ट दिसले पाहिजेत, हें उघड आहे.

या जावालचें पुढें काय झालें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लोकांच्या डोळ्यांसाठीं आयुष्य वेंचणाऱ्या या वैद्यास काचबिंदु झाला, आणि १९०० सालीं तो पूर्ण अंध झाला. त्यानें हाय खाल्ली नाहीं. नव्यानें अंध झालेल्यांस उपयोगीं पडावें म्हणून त्यानें एक पुस्तक लिहिलें, आणि १९०५ सालीं वाचन व लेखन यांच्या शरीरशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण जो विषय ऐषारामाचा समजतों, तो वस्तुतः किती जिव्हाळ्याचा आहे, हें या एका चरित्रावरून कळतें.

यानंतर अक्षर कागदावरून उठून कांचेवर गेलें. आजवर वाचक उसन्या प्रकाशानें वाचीत होता. सूर्य किंवा दिवा यांचा उजेड कागदावर पडून परत येई. आतां अक्षरामागूनच दिवा डोळ्यांत शिरूं लागला. कॅलिफोर्नियांत झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत निक शेरिडन यानें १९७० नंतरच्या दशकांत यावर उपाय शोधला. त्या वेळच्या गणकयंत्रांचे पडदे मंद होते, म्हणून कागदासारखा दिसणारा पडदा त्यास हवा होता. त्यानें एका बाजूनें काळे व दुसऱ्या बाजूनें पांढरे असे सूक्ष्म मणी केले आणि ते विजेनें फिरविले. कल्पना उत्तम होती. पण तिला तेव्हां पुरेसा आश्रय मिळाला नाहीं.

तिचें फळ दिसलें तें पूर्व किनाऱ्यावर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ जेकबसन यानें बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट या विद्यार्थ्यांच्या साह्यानें जी शाई सिद्ध केली, तिच्यासाठीं १९९७ सालीं ई-इंक ही कंपनी निघाली. या शाईंत केसाच्या जाडीच्या आसपास व्यासाच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपींत स्वच्छ द्रव, आणि त्यांत परस्परविरुद्ध विद्युद्भार असलेले पांढरे व काळे कण. विजेची दिशा बदलली कीं एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्याचे तळाशीं जातात. एकदां अक्षर उमटलें म्हणजे तें टिकवून धरण्यास वीज लागत नाहीं; ती लागते पान उलटतांना. म्हणूनच हें यंत्र दिवसचे दिवस विजेवांचून चालतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, हें अक्षर पुन्हां उसन्या प्रकाशानें दिसतें. उन्हांत तें फिकें न पडतां उलट अधिकच खुलतें.

२००४ सालीं सोनीनें जपानांत 'लिब्रिए' हें यंत्र काढलें. १९ नोव्हेंबर २००७ रोजीं अमेरिकेंत अ‍ॅमेझॉनचा पहिला किंडल आला. त्याच्या पडद्यावर दर इंचास १६७ ठिपके होते. २०१२ सालीं पडद्याच्या कडेनें अक्षरावर उजेड टाकणारीं यंत्रें निघालीं. २०१४ पासून ठिपक्यांची संख्या ३०० वर गेली. २०१६ सालीं कोबोच्या एका यंत्रानें त्या उजेडाचा रंग पांढऱ्यापासून तांबूसपर्यंत बदलण्याची सोय केली. बास्करव्हिलची बारीक रेघ, बॅबेजचा पिवळा कागद आणि जावजींचें स्वच्छ अक्षर, या तिन्ही गोष्टींचा शोध दीड ते अडीच शतकांनंतर पुन्हां त्याच क्रमानें चालू झालेला येथें दिसतो.

या शाईनें डोळे खरोखरच कमी थकतात काय? संशोधकांचा निकाल एकमुखी नाहीं. स्वित्झर्लंडमधील संशोधकांस २०१२ सालीं उत्तम प्रतीच्या उजळ पडद्यांत व या शाईंत फारसा फरक आढळला नाहीं. २०१३ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत उजळ पडद्यावर बराच वेळ वाचणारांचे डोळे अधिक थकलेले आढळले. निळ्या प्रकाशानें डोळ्यांचा पडदा जळतो, ही भीति तर निराधारच आहे. मात्र निजण्यापूर्वीं प्रखर उजळ पडद्यावर वाचल्यास झोंप लांबते, असें हार्वर्डच्या संशोधकांनीं एका लहानशा प्रयोगांत पाहिलें. त्यांचा निबंध २०१५ सालीं छापला गेला. आणि कोणत्याहि पडद्याकडे टक लावली म्हणजे पापण्या लवणें कमी होऊन डोळे कोरडे पडतात, हें सर्वमान्य आहे. फ्रँक्लिनच्या टीकाकारासारखें नांवावरून दुखणें ठरवूं नये. पण दुखणें नाहींच, असेंहि म्हणूं नये.

आतां निवडीविषयीं. मराठी वाचकानें प्रथम ठिपक्यांची दाटी पाहावी. रोमन लिपीस जें चालतें, तें तीन मजल्यांच्या आमच्या लिपीस पुरत नाहीं. ३०० ठिपक्यांखालीं उतरूं नये. विकत घेण्यापूर्वीं पडद्यावर 'तत्त्व', 'दऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'कुळंबीण' असे शब्द उघडून पाहावेत. जोडाक्षर मोडत असेल किंवा उकार खालच्या ओळीवर आदळत असेल, तर तें यंत्र कितीहि नामांकित असो, आपल्या कामाचें नाहीं. दुसरें, उजेड पडद्यावर सर्वत्र सारखा पडतो काय, तांबूस करतां येतो काय, आणि अगदीं बंद करतां येतो काय, हें पाहावें. तिसरें, पडद्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकणारा नसावा. रंगीत पडद्यांचा मोह पडेल. परंतु रंगाची चाळणी मध्यें आल्यानें त्यांची पार्श्वभूमि करडी होते, आणि रंगीत भागांतील ठिपके कमी होतात. चित्रांच्या पुस्तकांस ते ठीक. ज्यास केवळ मजकूरच वाचावयाचा आहे, त्यानें काळ्या-पांढऱ्यावरच संतुष्ट असावें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिसेंबर २०१६ मध्यें अ‍ॅमेझॉननें किंडलवर मराठीसह पांच भारतीय भाषांचीं पुस्तकें आणलीं. अशा पुस्तकांत अक्षर हवें तितकें मोठें करतां येतें, आणि वृद्ध वाचकास याहून मोठी देणगी नाहीं. परंतु जुन्या मराठी ग्रंथांच्या व मासिकांच्या ज्या छायाप्रती मिळतात, त्यांचें पान एकसंध चित्र असतें. सहा इंचांच्या पडद्यावर तें आकसतें, आणि निर्णयसागरचें अक्षरहि मुंगीएवढें होतें. ज्यास असे ग्रंथ वाचावयाचे आहेत, त्यानें दहा इंचांचें यंत्र घ्यावें, नाहीं तर खिशास जड जातें म्हणून तें न घेतां मूळ कागदी प्रतच धुंडाळावी.

आणि यंत्र घेण्यापूर्वीं नेत्रवैद्याकडे एकदां जाऊन यावें. पुष्कळ वेळां दोष पडद्याचा नसून बदलावयास झालेल्या चष्म्याचा, पिकूं लागलेल्या मोतीबिंदूचा किंवा मधुमेहाचा असतो. जावालला ज्यानें गांठलें तो काचबिंदु तर बहुधा न दुखतांच दृष्टि चोरून नेतो. वेळीं कळला तर आज त्यास पुष्कळसें थोपवितां येतें. कोणत्याहि कारखान्याचा पडदा ही चोरी पकडूं शकत नाहीं. वाचनाचीं साधनें सातशें वर्षें बदलत आलीं आहेत व पुढेंहि बदलतील. डोळे मात्र प्रत्येकाच्या वांट्यास दोनच आले आहेत, आणि त्यांची दुसरी आवृत्ति निघत नाहीं.