रिचलंड कॉलेज

रिचलंड कॉलेज : अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील डॅलस शहरातले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. स्थापना १९७२. शहराच्या ईशान्येस, रिचर्डसन व गार्लंड या गावांलगत. २०२० पासून स्वतंत्र कॉलेज म्हणून अस्तित्वात नाही. डॅलस कॉलेजचा रिचलंड कॅम्पस म्हणून चालते. राष्ट्रीय पातळीवरचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळवणारे (२००५) हे पहिले कम्युनिटी कॉलेज.

डिस्ट्रिक्ट : डॅलस काउंटीतल्या मतदारांनी १९६५ मध्ये कौल दिल्यावर ज्युनियर कॉलेज डिस्ट्रिक्ट (काउंटीतली कम्युनिटी कॉलेजे चालवणारी संस्था) उभा राहिला. बिल प्रीस्ट हे त्याचे पहिले प्रमुख. एल सेंट्रो (१९६६) हे पहिले कॉलेज शहराच्या मध्यवस्तीत निघाले. माउंटन व्ह्यू व ईस्टफील्ड (१९७०), रिचलंड (१९७२), सीडर व्हॅली व नॉर्थ लेक (१९७७) आणि ब्रुकहेवन (१९७८) त्यामागोमाग आली. कारभार सात निर्वाचित विश्वस्तांकडे. प्रत्येकाचा मतदारविभाग वेगळा, मुदत सहा वर्षे. उत्पन्नाच्या वाटा तीन : काउंटीतील मालमत्ता कर, राज्याचे अनुदान आणि फी. कर भरणाऱ्या काउंटीतल्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला जास्त. मोठ्या बांधकामासाठी कर्जरोखे काढायचे तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागते (२००४ : ४५ कोटी डॉलर, २०१९ : १.१ अब्ज डॉलर). हा पैशाचा धागा ध्यानात घेतला तरच पुढचा गुणवत्तेचा खटाटोप समजतो. कॉलेज कोणासाठी आहे, हा प्रश्न इथे दर निवडणुकीला मतपत्रिकेवर येऊ शकतो.

विद्यार्थी व अभ्यासक्रम : प्रवेश खुला, गुणांची चाळणी नाही. दोन वर्षांची असोसिएट पदवी, व्यवसाय-प्रमाणपत्रे, प्रौढांसाठी इंग्रजी, नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग. भोवतालच्या वस्तीत स्थलांतरित व निर्वासित कुटुंबे पुष्कळ. बाल्ड्रिज पुरस्काराच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या मातृभाषा सत्तरहून अधिक होत्या. इंग्रजीचे वर्ग हे येथील खरे प्रवेशद्वार मानले पाहिजे. अकरावी-बारावीच्या मुलांना शालेय शिक्षणाबरोबरच कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणारी कॉलेजिएट हायस्कूल ही शाळा २००६ पासून आवारातच भरू लागली. गार्लंडमध्ये व्यवसायशिक्षणाचे केंद्र २००९ मध्ये उघडले.

गुणवत्ता-उपक्रम : स्टीव्ह मिटलस्टेट हे १९७९ ते २०१० अशी तीन दशके अध्यक्ष होते. कम्युनिटी कॉलेजांत इतकी दीर्घ कारकीर्द विरळा, आणि येथील सुधारणेला सातत्य आले ते बरेचसे त्यामुळेच. कॉलेजने आपल्या कामाचे चार अग्रक्रम ठरवले : परिसराच्या शैक्षणिक गरजा ओळखून भागवणे, सर्व विद्यार्थ्यांना यशासाठी समर्थ करणे, सर्व कर्मचाऱ्यांना तसेच समर्थ करणे, आणि संस्थेची परिणामकारकता राखणे. प्रत्येक अग्रक्रमाखाली मोजता येतील अशी मापे ठेवून त्यांचा नियमित आढावा घेतला जाई. घसरण सत्र संपल्यावर कळून उपयोगाची नसते. वर्ग चालू असतानाच ती दिसली तर त्या वर्गातल्या मुलांसाठी काही करता येते. आढाव्याचे मोल यात आहे.

बाल्ड्रिज निकष सात : नेतृत्व, धोरण, विद्यार्थी व इतर हितसंबंधी, मोजमाप व ज्ञान, कर्मचारी, कार्यपद्धती आणि निष्पत्ती. एकूण गुण १,०००, त्यांपैकी ४५० एकट्या निष्पत्तीला. सुंदर आराखडे मांडून इथे भागत नाही. १९८७ च्या कायद्याने सुरू झालेला हा पुरस्कार आधी उद्योगांपुरता होता. शिक्षणसंस्थांना तो प्रथम २००१ मध्ये मिळाला. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी लागणारा गाभा-अभ्यासक्रम पूर्ण करणारे विद्यार्थी २००२ मध्ये ५०० होते, ते २००५ मध्ये १,६६० झाले. टेक्ससमध्ये हा गाभा पुरा केलेल्या विद्यार्थ्याचे ते क्रेडिट राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठाला एकगठ्ठा स्वीकारावे लागते. म्हणून या आकड्याचे महत्त्व पदव्यांच्या आकड्याहून कमी नाही. वाढीतला किती वाटा निकषांचा आणि किती समुपदेशनाचा किंवा नोंदी नीट ठेवू लागल्याचा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मोजमापाच्या जोडीला शिक्षकांच्या अंतर्मुखतेलाही येथे जागा होती. शिक्षणचिंतक पार्कर पामर यांच्या विचारांवर आधारलेली चिंतन-शिबिरे डॅलसच्या कॉलेजांत झाली व त्या कार्याचे केंद्र रिचलंडमध्ये होते. गुणवत्तेच्या अहवालांत या बाजूला एखाद-दुसरे वाक्य मिळते. ते अपुरे आहे. खुल्या प्रवेशाच्या कॉलेजात शिक्षकाची उमेद टिकणे हीच सुधारणेची पूर्वअट असते.

एकत्रीकरण : २०२० मध्ये सातही कॉलेजांची स्वतंत्र अधिस्वीकृती जाऊन डॅलस कॉलेज ही एकच संस्था झाली. पदवीसाठी किमान २५ टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे, असा अधिस्वीकृती मंडळाचा नियम आहे. घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असलेले विद्यार्थी दोन-तीन कॉलेजांत विषय घेत व पदवीच्या वेळी अडत. ती अडचण एकत्रीकरणाने सुटली. परिसरानुसार निर्णय घेण्याची मोकळीक किती उरली, याबद्दल मतभेद संभवतात.

अनुदान : टेक्ससमध्ये राज्याचे अनुदान प्रामुख्याने शिकवलेल्या तासांवर मिळे. २०२३ च्या कायद्याने ते पदव्या, प्रमाणपत्रे, विद्यापीठात गेलेले विद्यार्थी अशा निष्पत्तीवर मुख्यत्वे ठरू लागले.

भारतीय संदर्भ : टाटा समूहाची उत्कृष्टता-पद्धती बाल्ड्रिज निकषांवरून घेतलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १२व्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली; तिला डॅलससारखा स्थानिक कराचा आधार नाही.