अलोहा : एका शब्दाची गोष्ट



हवाई बेटांवर गेलेल्या पाहुण्याच्या कानावर पहिला शब्द पडतो तो 'अलोहा'. भेटताना अलोहा, निरोप घेतानाही अलोहा. पण हा शब्द नुसता नमस्कारापुरता नाही. अलोहा म्हणजे माया, जिव्हाळा, करुणा. दुसऱ्याचं दुःख पाहून जीव कळवळतो, तोही अलोहाच. अभिवादनाचा अर्थ याच मायेतून आला.

पर्यटकांना पुष्कळदा सांगतात, की 'अलो' म्हणजे समोर आणि 'हा' म्हणजे श्वास. म्हणून अलोहा म्हणजे श्वासांची भेट. कल्पना गोड आहे, पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. श्वासाच्या शब्दातला स्वर लांब आहे, अलोहाच्या शेवटचा आखूड. शिवाय न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'अरोहा' आणि सामोआत 'अलोफा' हे याच अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे होड्यांतून समुद्र ओलांडून आलेल्या पूर्वजांनी हा शब्द अख्खाच बरोबर आणला.

या शब्दाने पुढे लढाही दिला. हवाईत जमिनीला 'आइना' म्हणतात, म्हणजे पोसणारी. 'अलोहा आइना' म्हणजे भूमीवरची माया. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली आणि पुढे बेटं अमेरिकेला जोडण्याचा करार झाला. तेव्हा याच नावाच्या संघटनेने १८९७ मध्ये विरोधाच्या सह्या गोळा केल्या. तिची स्त्रियांची वेगळी शाखा होती. अबिगेल कॅम्पबेल तिच्या अध्यक्षा. बायकांना मताचा हक्क नव्हता, पण सही करता येत होती! मूळ हवाई लोकांची संख्या जेमतेम ४० हजार; त्यात २१ हजारांहून जास्त सह्या जमल्या. करार अमेरिकी सेनेटमध्ये बारगळला. मात्र १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या ठरावाने बेटं जोडून घेतलीच.

त्याआधी, १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली होती. घराघरातून हवाई भाषा मागे पडत गेली. 'अलोहा' मात्र शर्टांवर आणि जाहिरातींत झळकत राहिला. १९७८ मध्ये हवाई भाषेला राज्यभाषेचा मान मिळाला आणि १९८४ पासून तिथे हवाई भाषेतल्या बालवाड्या सुरू झाल्या.

एखादा शब्द जगभर गाजतो, म्हणून त्याची भाषा जगतेच असं नाही, मैत्रिणींनो. ती जगते लेकरांच्या तोंडी.