बाळंतपणात कुटुंबाचा शब्द : बीड जिल्ह्याचा अनुभव

बीड जिल्ह्यात बाळंतपण घराच्या खोलीतून दवाखान्यात कसे आले, हा इतिहास बहुधा सुरक्षिततेचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. परंतु या स्थित्यंतरात निर्णय कोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न त्या मांडणीत मागे पडतो. प्रसूतिसेवेत कुटुंबाचा शब्द असणे म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्रात कोणती सेवा, केव्हा आणि कशा वागणुकीने मिळावी हे ठरवताना गरोदर स्त्रीला, तिच्या नवऱ्याला व घरच्या माणसांना विचारले जाणे, त्यांनी दाखवलेल्या उणिवेची नोंद होणे आणि त्या नोंदीचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागणे होय. इंग्लंडमध्ये यासाठी १९८० च्या दशकात डॉक्टर, सुईणी आणि माता यांना एकत्र बसवणाऱ्या स्थानिक समित्या स्थापन झाल्या; बीडमध्ये हीच गरज दुष्काळ आणि ऊसतोडीच्या स्थलांतराच्या पार्श्वभूमीवर उभी राहिली.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठवाड्यात सर्वत्र होती व आजही ती बरीच टिकून आहे. घरच्या बाळंतपणात सुईणीचा शब्द मोठा असे. तिच्याबरोबर आई, आजी किंवा सासू निर्णय घेत, पुरुष उंबऱ्याबाहेर थांबत आणि प्रत्यक्ष बाळंतिणीला फारसे कोणी विचारत नसे. बाळंतीण ओळखीच्या माणसांत असे ही या रीतीची जमेची बाजू होती. पण रक्तस्राव थांबला नाही किंवा मूल आडवे आले तर सुईणीजवळ उपाय नसे. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करून मुलाच्या आयुष्याची काळजी देवीवर सोपवण्याच्या प्रथेमागे या भीतीचाही वाटा असावा.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९७४ साली अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर अवघड बाळंतपणासाठी जिल्ह्यातच मोठे रुग्णालय मिळाले. मात्र दवाखान्यात आलेल्या स्त्रीला आपल्यावर कोणता उपचार होत आहे हे सांगण्याची, किंवा तिच्याजवळ घरचे माणूस राहू देण्याची पद्धत सरकारी व्यवस्थेत लवकर रुजली नाही. प्रसूतिगृहात सोबतीण ठेवण्याची मुभा देणारी सूचना केंद्र सरकारने काढली ती २०१६ मध्ये.

याहून वेगळी वाट बीडच्या सीमेलगत, जामखेडला तयार झाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, गावोगावी शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी केली आणि गावातल्याच स्त्रियांना, ज्यांत अनेक निरक्षर व दलित होत्या, आरोग्य सेविकेचे शिक्षण दिले. गरोदरपणाची तपासणी व सुरक्षित बाळंतपण ही या सेविकांची मुख्य कामे होती, आणि ती करणारी बाई गावाचीच असल्यामुळे दवाखान्याबद्दलचे गाऱ्हाणे तिच्यापाशी मोकळेपणाने बोलता येत असे.

सरकारी व्यवस्थेत अशी जागा २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर निर्माण झाली. गावात आशा स्वयंसेविका आल्या, गावपातळीवर आरोग्य समित्या झाल्या आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व ने-आण विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. त्याआधीच, २००७ पासून, महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ ही प्रक्रिया पाच जिल्ह्यांत सुरू झाली होती व पुढे ती बीडसह आणखी जिल्ह्यांत गेली. या पद्धतीत गावकरी गटचर्चेतून आरोग्यसेवेला चांगली, मध्यम किंवा वाईट असा शेरा देतात, त्यातून गावाचे प्रगतिपत्रक तयार होते आणि जनसुनवाईत, म्हणजे लोकांसमोर भरणाऱ्या तक्रारींच्या बैठकीत, आरोग्य अधिकाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. बाळंतपणासाठी पैसे मागितले का, रात्री नर्स हजर होती का, गाडी मिळाली का, हे प्रश्न यामुळे घरातल्या कुरबुरीतून बाहेर येऊन कागदावर येऊ शकले.

तथापि कुटुंबाचा शब्द आणि आईचा शब्द एकच असतो, असे मानता येत नाही. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ झाली. जन्मापूर्वीचा निर्णय घराने घेतला आणि त्यात आईला वाव राहिला नाही, तर काय घडते ते या आकड्यांतून दिसते. स्त्रियांशी वेगळे बसून बोलणे म्हणूनच आवश्यक ठरते.

त्याहून अवघड अडचण ऊसतोडीची आहे. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणून मजुरी कापली जाते. त्यामुळे गरोदर बाईची तपासणी आणि बाळंतिणीची विश्रांती या दोन्ही गोष्टी खाड्याच्या हिशेबात तोलल्या जातात. याचाच एक परिणाम म्हणून ‘पिशवी काढणे’, म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, या भागात फार वाढली. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. या स्त्रियांना तोवर फारसे कोणी पद्धतशीरपणे विचारले नव्हते आणि विचारल्यावर त्या बोलल्या, एवढे तरी या मोजणीने सिद्ध केले.

या साऱ्या प्रयत्नांत एक उणीव समान आहे. शब्द मांडण्याची जागा गावात आहे आणि बाळंतपण अनेकदा फडावर, म्हणजे उसाच्या शेतालगतच्या कोपीत किंवा परमुलखातल्या दवाखान्यात, होते. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते त्या वेळी ज्या घरांना सर्वांत अधिक सांगायचे असते, त्यांचीच दारे बंद असतात. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यावर, पेरणीपूर्वी, जनसुनवाई ठेवणे आणि हंगामात साखर कारखान्याच्या परिसरातच मातांचे म्हणणे नोंदवून त्याची दखल घेणे कारखान्याच्या परिसरातील व मूळ गावाच्या अशा दोन्ही आरोग्य केंद्रांना बंधनकारक करणे, हे या इतिहासातून निघणारे सरळ काम आहे. माता व बाल संरक्षण कार्ड जसे बाईबरोबर प्रवास करते, तसा तिचा शब्दही तिच्याबरोबर जायला हवा.