दुरुस्तीची जयंती

प्रश्न असा आहे : आईचा रक्तगट ओ, मुलाचा एबी. हे शक्य आहे का? गाइडच्या शेवटी दिलेल्या उत्तरसूचीत एकच उत्तर आहे : अशक्य.

लॅब टेक्निशियनच्या परीक्षेला बसणाऱ्या कुणालाही हे उत्तर झोपेतही देता येईल. तर्काला धरूनही आहे. एबी व्हायला एका पालकाकडून ए हवं, दुसऱ्याकडून बी. ओ गटाच्या आईकडे दोन्ही नाहीत, मग ती देणार काय? पण हे उत्तर अपुरं आहे, आणि ते अपुरं असल्याचं कळलं ते आपल्याच राज्यात, मुंबईत, १९५२ साली.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो मावसबहिणीमुळे. ती अहिल्यानगरला (आमच्या तोंडी अजून नगरच) डीएमएलटी करते. क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या उजळणीसाठी तिच्याकडे प्रश्नोत्तरांचं एक गाइड आहे, तेही झेरॉक्सची झेरॉक्स. बसमध्ये फोनवर सोडवता यावं म्हणून तिने मला त्याची क्विझ करून मागितली. प्रश्न टाइप करताना लक्षात आलं, की यातल्या चुका एका जातीच्या नाहीत.

पहिली जात छपाईची. प्लेटलेटची खालची मर्यादा दीड लाख हवी, तिथे एक शून्य गळून पंधरा हजार झालेले. अशी चूक चटकन दिसते, कारण ती हास्यास्पद असते. दुसरी जात शिळ्या उत्तरांची : कधीकाळी बरोबर होती, आता नाहीत. तिसरी जात सर्वांत अवघड. उत्तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर असतं, पण गाइड ते शंभर टक्के म्हणून सांगतं. ओ आई आणि एबी मूल हा प्रश्न या तिसऱ्या जातीतला.

रक्तगटांची गोष्ट व्हिएन्नात सुरू होते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे तीन गट दाखवले. पुढच्याच वर्षी चौथा, एबी, सापडला. १९३०चं नोबेल लँडस्टायनर यांना याच कामासाठी मिळालं. चार गट ही इतकी नीटनेटकी मांडणी होती, की ती तक्त्यात बसली, भिंतीवर लागली, परीक्षेत आली.

मग १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. लेखकांमध्ये पहिली तीन नावं भेंडे, देशपांडे आणि भाटिया अशी होती, पुढे इंग्लंडमधले रक्तगटाचे नावाजलेले अभ्यासक. मुंबईत अशी माणसं सापडली होती, की ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसायचं, पण त्यांच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी मिसळल्या तरी गुठळ्या व्हायच्या. ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालत नाही, असं कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

याचं उत्तर घराच्या उपमेने लवकर कळतं. तांबड्या पेशीवर ए आणि बी हे पदार्थ थेट बसत नाहीत, त्यांना आधी एच नावाचा पाया लागतो. ए गटात पायावर एक मजला, बी गटात वेगळा मजला, एबीत दोन्ही. ओ गटात नुसता पाया. आणि मुंबईत सापडलेल्या या माणसांमध्ये पायाच नाही. वरचा मजला नाही म्हणून ती ओसारखी दिसतात. पण शरीराला एच परका असल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात, आणि म्हणून ओ रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. जगाने या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव दिलं. भारतात तो साधारण दहा हजारांत एक मानला जातो. युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ.

आता मूळ प्रश्नाकडे पाहा. बॉम्बे गटाच्या आईकडे ए मजल्याचा नकाशा, म्हणजे जनुक, असू शकतं. पाया नसल्याने मजला उभा राहिलेला नाही, इतकंच. मुलाला वडिलांकडून बी आणि एचचा पाया मिळाला, तर आईकडून आलेलं ए त्याच्यात उभं राहतं. कागदावर आई ओ, मूल एबी. ‘अशक्य’ हे उत्तर पाठ करून बसलेला टेक्निशियन अशा वेळी काय म्हणेल? फार तर नमुना बदलला म्हणेल. घरातलं कुणी त्याहून वाईट काही म्हणेल. बरोबर उत्तर आहे : सहसा नाही, पण आधी आईचं रक्त एचसाठी तपासा. परीक्षेच्या चौकटीत हे ‘सहसा’ बसत नाही, आणि एखाद्या बाईच्या चारित्र्यावरचा आरोप मात्र त्या गाळलेल्या शब्दावर उभा राहू शकतो.

छापील उत्तर डोळ्यांवरही मात करतं. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं मांडलं. तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ हाच आकडा होता. १९५६ मध्ये जो हिन तिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. त्याच लेखात एक उल्लेख आहे : त्यांच्या ओळखीच्या काही संशोधकांनी यकृताच्या पेशींवरचं काम मध्येच सोडून दिलं होतं, कारण मोजताना ४८ भरतच नव्हती, ४६च येत होती. त्यांची मोजणी बरोबर होती. पुस्तक चूक होतं. त्यांनी विश्वास ठेवला पुस्तकावर.

शिळ्या उत्तरांचं उदाहरण तर प्रत्येकाच्या घरात आहे. उपाशीपोटी साखर १४०च्या वर गेली की मधुमेह, असं जुनी पुस्तकं सांगायची. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ही रेषा १२६वर आणली. माझ्या मावसबहिणीच्या गाइडमध्ये एका पानावर १२६ आहे, दुसऱ्या पानावर १४०. कुणीतरी एक पान सुधारलं, दुसरं राहिलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला अर्धवट पॅच म्हणतो. तो मूळ बगपेक्षा वाईट, कारण आता दोन्ही उत्तरं ‘पुस्तकात आहेत’.

आपल्याकडे ग्रंथातल्या चुका सुधारण्याची सर्वांत मोठी गोष्ट या जिल्ह्यातूनच सुरू होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे हातानेच नकला होत गेल्या. नक्कल करणारा कुठे शब्द चुकला, कुठे न कळलेला शब्द कळेल असा केला, कुठे आपलीच ओवी घातली. २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला. त्यांनी स्वतःच शेवटी लिहून ठेवलं आहे, की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी बिघडला. आणि इशाराही दिला आहे : यापुढे कुणी यात स्वतःची ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

या कामातली शिस्त बघण्यासारखी आहे. एकनाथ स्वतः मोठे कवी. आपल्या ओळी घालण्याचा मोह त्यांना होऊ शकला असता, पण त्यांनी ठरवलं, की सुधारणा म्हणजे भर नव्हे. शिवाय त्यांनी दुरुस्तीवर शक आणि तिथी घातली. एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत आली नाही : कोणती ओवी बदलली आणि आधी ती काय होती, याची यादी. म्हणूनच १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि अभ्यासकांना जुना-नवा पाठ पुन्हा ताडून पाहायचं काम लागलं. दुरुस्ती कितीही प्रामाणिक असो, तिची नोंद नसेल तर पुढच्यांना ती पुन्हा तपासावी लागते.

नोंद असूनही दुरुस्ती पोहोचली नाही, तर काय होतं, हे २०२४च्या नीटने दाखवलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात विधान होतं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. किरणोत्सारी मूलद्रव्यं आठवली की ते चूक आहे. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत मात्र तसंच छापलं होतं, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक’ हा शब्द आला. जुनं पुस्तक वाचलेल्यांचा विचार करून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं. ४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ५ गुण गेले, आणि पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. थोरल्या भावाचं पुस्तक जपून वापरणाऱ्या घरांनी त्या एका शब्दाची किंमत मोजली. नवं पुस्तक घेणं ज्यांना परवडतं, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती आधी पोहोचते.

म्हणून मावसबहिणीच्या क्विझमध्ये चुकीचं उत्तर खोडून बरोबर टाकणं एवढ्यावर मी थांबलो नाही. प्रत्येक बदलाखाली चार गोष्टी आहेत : गाइडमध्ये काय होतं, आता काय आहे, कधी बदललं, का बदललं. बदलाला तिच्या शिकवणाऱ्या मॅडमची संमती लागते, कारण पॅथॉलॉजी त्यांना कळते, मला नाही. जिथे परीक्षेला जुनंच उत्तर अपेक्षित असेल, तिथे दोन्ही ठेवली आहेत : एक गुणांसाठी, एक लॅबसाठी. ती फाइल आता तिच्या वर्गात फिरते. झेरॉक्स फिरते त्याच वाटांनी.

भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. ग्रंथ नेवाशात पूर्ण झाल्याचा तो दिवस नव्हे. एकनाथांनी त्याची शुद्ध प्रत पूर्ण केली, तो हा दिवस. एका ग्रंथाचा जन्मदिवस म्हणून मराठी माणसाने त्याच्या दुरुस्तीची तारीख निवडली आहे. गाइड छापणाऱ्यांनी आणि उत्तरसूची काढणाऱ्यांनी निदान पानाच्या तळाशी ती तारीख टाकायला हरकत नसावी.