प्लेगात घरी आलेले

मे २०२० मध्ये मुंबईहून आलेला आमचा एक शेजारी चौदा दिवस गावच्या शाळेत राहून घरी गेला. खानापूर तालुक्यातला माणूस. वीस वर्षे मुंबईच्या एका खानावळीत राबलेला. पहिला पाऊस पडला त्या दिवशी बांधावर भेटला नि म्हणाला, ''गुरुजी, इतकी वर्षं मी पैसे लावून देत होतो. आता खाणारा मीच घरात आलोय. लावून देणारं कोण?''

हा प्रश्न ऐकला आणि मला १८९६ ची मुंबई आठवली. आपल्याकडे प्लेग म्हटला की रँड, चाफेकर आणि २२ जून १८९७ ची रात्र एवढेच डोळ्यांपुढे येते. शाळेत मीही मुलांना तेवढेच शिकवीत आलो. प्लेगाच्या भयाने मुंबई सोडून गावी आलेल्या माणसांनी पुढचे सहा महिने काय खाल्ले, हे मात्र पाठ्यपुस्तकात कधी आले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती; १८९७ चा फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. कोकणातली आगबोटीने आणि गलबतांनी गेली, घाटावरची रेल्वेने. कल्याणला उतारूंना खाली उतरवून तपासत. त्याच फेब्रुवारीत सरकारने साथरोगाचा कायदा केला. २०२० साली आपल्यावर लागू झाला तो हाच कायदा, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

गिरणीत तेव्हा पगार महिन्याचा असे, आणि तोही पुढच्या महिन्याचे दिवस बरेच उलटल्यावर हाती पडे. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर काढायचे. न सांगता काम सोडले तर चढलेली मजुरी बुडायची. म्हणजे प्लेगाला भिऊन रातोरात निघालेला कामगार घामाचे पैसे गिरणीत टाकून आणि वाण्याचे देणे डोक्यावर घेऊन घरी पोचला. गावात त्याची वाट पाहणारी माणसे त्याच्याच मनीऑर्डरीवर जगत होती. एकाच दिवशी घरातली मिळकत थांबली आणि खाणारे तोंड वाढले.

त्यातून ते साल दुष्काळाचे. विजापूर, सोलापूर, नगर या भागांत पाऊस गेलेला. घाटावर परतलेल्या माणसाला शेतात काम नव्हते. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायची सोय तेवढी होती. तिथली मजुरी धान्याच्या भावावरून ठरवीत. जीव राहील एवढेच द्यायचे, हा हिशेब. कोकणात दुष्काळ तितका नव्हता, पण तिथली जमीन आधीच तुकड्या-तुकड्यांची. ती पोसू शकत नव्हती म्हणून तर माणूस गिरणीत गेला होता!

पुढे रोगही गावात आला. मग घरांना कुलपे लावून रानात झोपड्या बांधायच्या. शेतकऱ्याचे निदान शेत जवळ असे. विणकराचा खड्ड्याचा माग मात्र झोपडीत नेता येत नाही. त्याचे काम घराबरोबरच बंद. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'माळावर राहायला गेलो तेव्हा' हे शब्द मी लहानपणी पुष्कळदा ऐकले. त्यातली उपासमार कळण्याचे ते वय नव्हते.

पण या कथेला दुसरी बाजू आहे, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे. माणसे गेली तशी गिरण्यांची चाके अडू लागली. सूत हवे होते, गिऱ्हाईक होते, हात नव्हते. १८९७ च्या आरंभी मुंबईच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कामगारांसाठी मालकांची अक्षरशः बोली लागली. कामगारांनी मजुरी वाढवून घेतलीच, शिवाय रोजचा पगार रोज मागितला आणि तो मिळाला. साथ ओसरल्यावर मालकांनी पुन्हा महिन्याच्या पगाराची जुनी रीत आणू पाहिली, तेव्हा त्यावरून संप झाले. रोगाने घरी धाडलेल्या माणसाला काही काळ तरी भाव आला, कारण त्याच्यावाचून कोणाचे तरी अडत होते.

२०२० मध्ये हेच घडले नाही. तेव्हा धंदे चालू होते आणि माणसे पळाली. या वेळी २४ मार्चच्या रात्री धंदेच बंद झाले. अडणारा कोणी उरला नाही. शिवाय १८ मेला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी केली, त्यामुळे आपल्याच गावी निघालेली माणसे कोगनोळी नाक्यावर अडकली. जी पोचली ती धूळवाफ पेरणीच्या तोंडावर. एरवी या दिवसांत आमच्याकडे गड्यासाठी चार दारे फिरावी लागतात. त्या वर्षी गडीच दारात उभे होते, आणि मजुरी कोणी वाढवली नाही.

उद्योग खात्रीचे काम होते. २०२०-२१ साली त्याचा दर कर्नाटकात २७५ रुपये होता आणि सीमेपलीकडे चंदगडात २३८. आमच्या लोकांना या फरकाचे समाधान वाटले खरे, पण तेव्हा शंभर दिवस मिळत ते माणसाला नव्हे, कुटुंबाला. शेजाऱ्याचे दोन भाऊही परतले होते, तिघे एकाच कार्डावर. चर खणायला जाताना तो मान खाली घालून जाई. वीस वर्षे शहरात काढलेल्याला गावातल्या चार माणसांपुढे टोपली उचलण्याची लाज वाटते. मजुरीच्या हिशेबात ती कुठे धरत नाहीत.

५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातली हॉटेले अर्ध्या गिऱ्हाइकांवर उघडली. दसरा झाला आणि त्याला मालकाचा फोन आला. अर्धीच माणसे ठेवणार होता, पगारही कमी. भात कापणीला आलेले होते. ते भावांवर सोपवून तो निघाला. एस. टी. थांब्यावर मी विचारले, ''मार्चच्या पगाराचं काय झालं?''

''ते काय विचारतासा गुरुजी,'' म्हणत त्याने पिशवी उचलली.