सागरजल : गुणधर्म व अध्यापन

समुद्राच्या पाण्यातील लवणे, त्याचे तापमान व घनता आणि यांवर बेतलेले सागरी जीवन यांचा शालेय अभ्यास. भूगोल आणि विज्ञान हे दोन्ही विषय येथे एकत्र येतात.

एक किलो सागरजलात सरासरी ३५ ग्रॅम लवणे विरघळलेली असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के क्लोराइड आणि सोडियम, बाकी मुख्यतः सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२–७६ च्या सफरीत गोळा केलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. पाणी कमी खारट असो वा जास्त, खुल्या महासागरात या घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ तेच राहते, हे त्यांच्या १८८४ च्या अहवालाने पक्के झाले. बदलते ती एकूण लवणता, म्हणजे किलोभर पाण्यातील लवणांचे ग्रॅम. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त असल्याने ती ३६ च्या आसपास असते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली उतरते.

लवणता वाढली की घनता वाढते. वर्गात हे दाखवायला खारट पाण्यात अंडे तरंगवतात. मात्र लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घातले, तर ताजे अंडे तळाशीच बसते. ते वर यायला साधारण तिप्पट मीठ लागते. मीठ तोलून चमच्याचमच्याने घातले, तर खरा समुद्र किती खारट आणि किती नाही, याचा अंदाज मुलांना हातानेच येतो.

याहून बोलका प्रयोग लुइजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन अभ्यासकाचा. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचे पाणी काळ्या समुद्राकडून येते, पण खोलवर उलटा प्रवाह आहे, असे तिथले मच्छीमार सांगत. मार्सिलींनी पेटीत मधोमध फळी बसवली, तिला वर एक आणि खाली एक भोक ठेवले. एका बाजूला रंगवलेले जड खारट पाणी, दुसऱ्या बाजूला हलके. भोके उघडताच रंगीत पाणी खालून पलीकडे गेले आणि हलके वरून अलीकडे आले. हे त्यांनी १६८१ मध्ये प्रसिद्ध केले. आज काचेची पेटी, मीठ आणि खाण्याचा रंग एवढ्यावर तोच प्रयोग होतो.

तापमानाचेही तसेच. गोडे पाणी ४° से.ला सर्वांत जड असते; ३५ लवणतेचे पाणी मात्र सुमारे −१.९° से.ला गोठेपर्यंत जड होत जाते. म्हणून ध्रुवीय समुद्रातले थंड पाणी बुडते आणि जाताना विरघळलेला ऑक्सिजन खोल समुद्रातील जिवांपर्यंत नेते.

कोकणातील शाळांना प्रयोगशाळा दाराशीच आहे. शीतपेयाच्या नळीच्या टोकाला मातीचा गोळा लावला की साधा घनतामापक तयार होतो. खाडीच्या मुखाशी तो उंच तरंगतो, आत मचूळ पाण्यात खाली जातो. मे महिन्यात आणि ऐन पावसात एकाच धक्क्यावर घेतलेल्या खुणा शेजारी ठेवल्या, की नदीच्या पुराने समुद्र किती मागे हटला ते दिसते. कालव, तिसऱ्या, खेकडे कोणत्या पट्ट्यात सापडतात, याची नोंदही त्याच वहीत करता येते.