पायाळू, अंजन आणि शिट्टी मारणारं मशीन

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आम्ही बोलतोय. आमच्या गटांतल्या निम्म्या जणी इथल्या टॉवेलच्या आणि शिलाईच्या कारखान्यांत जातात, बाकीच्या घरी विड्या वळतात. शिलाईवाल्यांना सुईचं मशीन माहीत आहे. परदेशी जाणारा माल पट्ट्यावरून त्या मशीनखालून जातो. कपड्यात तुटलेल्या सुईचं टोक राहिलं असेल तर मशीन ओरडतं आणि पट्टा थांबतो. म्हणून आमच्या एक मावशी बैठकीत म्हणाल्या, "जमिनीतलं धन दाखवणारं मशीन आलंय," तेव्हा कुणी हसलं नाही.

मावशींनी आधीच्या महिन्यात गटातून वीस हजारांचं कर्ज उचललं होतं. वहीत कारण लिहिलं होतं शेळीपालन. शेळ्या कुठं आहेत, हे आम्ही विचारलंच नाही. ती चूक आमची. त्यातले अकरा हजार एका माणसाला गेले होते, मशीनचं भाडं आणि पूजेचं सामान म्हणून. कुंभारीच्या बाजूला मावशींचं अर्धा एकर रान आहे. आजेसासऱ्यांनी तिथं मोहरांचा हंडा पुरला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं.

पुरलेलं धन ही नुसती आजीची गोष्ट नाही. पूर्वी बँक नव्हती, पोस्ट नव्हतं, आपल्यासारखा गटही नव्हता. आपल्या सोलापूरचंच बघा. चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा नगरच्या निजामशहानं हा किल्ला आंदण म्हणून दिला. या किल्ल्यापायी दोन्ही घराणी कितीतरी वर्षं भांडली. फौज आली की गाव पळायचं. पळताना भांडी नेता येतात, पण अंगावर पैसा घेऊन वाटेला लागणं म्हणजे जीव धोक्यात. मग गाडग्यात घालून चुलीजवळ, गोठ्यात, झाडाच्या बुडाशी पुरायचं आणि परत आल्यावर काढायचं. जे परत आले त्यांनी काढलं. जे आले नाहीत त्यांचं तिथंच राहिलं. आज सापडतं ते त्यांचं. हंडा सापडला की आपण नशीब म्हणतो, पण पुरणारीचं काय झालं असेल ते कुणाच्या मनात येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात दारफळला रोमन बादशहांची सोन्याची नाणी मिळाल्याची नोंद १८४० सालची आहे. रोमची नाणी इथं कशी आली? तर व्यापारानं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल बंदरावर आणि तिथून समुद्रापार जायचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू ठेवल्या आहेत. पंढरपूर, तुळजापूरला सहली नेतो, तशी एक तिकडंही न्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट जोगलटेंभीची. नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमावरचं हे गाव. १९०६ साली तिथं चांदीची नाणी निघाली, तेरा हजारांच्या वर. सगळी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र दुसराच ठसा परत मारलेला होता. तो ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा. जिंकलेल्या राजाची नाणी वितळवत न बसता त्याच्या तोंडावरच आपला छाप मारला आणि नाणी बाजारात सोडली!

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलानं क्षहरातांचं, म्हणजे नहपानाच्या घराण्याचं, मूळ उपटलं असं तिनं त्यात सांगितलंय. आई मुलाचं कौतुक करणारच, असं कुणीही म्हणालं असतं. पण जोगलटेंभीच्या हंड्यानं म्हातारीची साक्ष खरी ठरवली. तो हंडा मिळाल्या रात्रीच सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदी मिळाली असती आणि साक्ष गेली असती.

तसं झालंही आहे. राजस्थानात बयानाजवळ १९४६ साली भरतपूरच्या राजाची शिकार झाली. नंतर रिकामी काडतुसं वेचायला गेलेल्या पोरांना जमिनीत तांब्याचं भांडं दिसलं. आत गुप्त राजांची सोन्याची नाणी. अठराशेच्या वर वाचली, पण त्याआधी काही गावात वाटली गेली आणि वितळलीही. वाचलेल्यांची यादी अनंत सदाशिव आळतेकरांनी केली. ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकव्याचे.

आता मशीन. पूर्वी धन शोधायला पायाळू माणूस लागायचा, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसतं, अशी समजूत. मशीनला अंजन लागत नाही. त्याच्या तळाच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज फिरते, खाली धातू आला की वेटोळ्यातली वीज बिचकते आणि शिट्टी वाजते. आपलं सुईचं मशीन लोखंडापुरतं असतं, हे सगळ्याच धातूंना ओरडतं. सोनं असो, नाहीतर सोडाबाटलीचं बूच. आणि हातातल्या साध्या मशीनला नाण्याएवढी वस्तू फूट-दीड फुटाच्या खाली सहसा कळत नाही. दहा फुटांवरचा हंडा दाखवतो म्हणणारा मशीनच्या नावावर अंजनच विकत असतो.

१८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना गोळी लागली. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गोळी शोधायला गेले. सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला, असं सांगतात. बेलसाहेबांचं असं झालं, तर आपल्या रानातल्या खिळ्यांनी काय होईल?

मशीन वाईट नाही. इंग्लंडात हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. मित्र मशीन घेऊन शोधायला गेला आणि रोमन काळाचा ठेवा लागला, जवळजवळ पंधरा हजार नाणी. त्यानं थोडं उकरलं, ओळखलं, हात थांबवला आणि कळवलं. मग जाणकारांनी पदर न पदर उलगडत काढलं. कशाखाली काय होतं, कशात गुंडाळलं होतं, सगळं लिहून घेतलं. दोघांना मोठं बक्षीस मिळालं. हातोडाही सापडला, आणि तो आता संग्रहालयात आहे.

आपल्याकडे कायदा १८७८ चा आहे, आणि तो पाठ करून ठेवण्यासारखा आहे. कारण एमआयडीसीत, घरकुलाच्या पायात, रोजगार हमीवर खोदणाऱ्या हातांत बायकांचे हात खूप आहेत. दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठं, कधी. मग ते जाहीर नोटीस काढतात आणि चौकशी होते. कुणी मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. म्हणजे कुदळ मारणारीचा वाटा मोठा! सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आम्हाला विचाराल तर हा मोबदला तोकडा आहे. जुन्या नाण्याला धातूचा भाव देणं म्हणजे पैठणीला सुताचा भाव देणं. माणसं लपवतात त्याला हेही एक कारण असावं. पण लपवून काय होतं तेही बघा. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इमारतीच्या खोदकामात मजुरांना मुघल काळाची २१६ सोन्याची नाणी मिळाली, दोन किलोच्या वर सोनं. कळवलं नाही. २०२१ साली पोलिसांनी सगळी जप्त केली.

मावशींच्या रानात मशीन वाजलं ते बोअरच्या जुन्या तारेवर, आणि तीन बुचांवर. खड्डा कमरेएवढा झाला. मग तो माणूस म्हणाला, धन सरकतंय, राखणदार अडवतोय, अमावास्येला पायाळू पोर खड्ड्याशी बसवावी लागेल. मावशींची नात पायाळू आहे, आठ वर्षांची. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. त्या संध्याकाळी मावशी पदर तोंडाला लावून आमच्याकडे आल्या आणि शेळ्यांचं खोटंही तेव्हाच बोलल्या.

धनासाठी पोरीबाळींचं काय होतं, हे मराठवाड्यानं मानवतला बघितलंय. १९७२ पासूनच्या त्या खुनांत मुली आणि बायाच गेल्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावावरचे अघोरी प्रकार येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आम्ही नऊ जणी त्याच रात्री मावशींना घेऊन ठाण्यात गेलो. नात आमच्यातल्या एकीच्या घरी झोपली. माणूस सकाळी गायब होता, मशीनसकट. अकरा हजार गेले ते गेले. मावशी महिन्याला पाचशे फेडतात, आणि उरलेल्या नऊ हजारांत खरोखरच दोन शेळ्या आणल्या.

खड्डा बुजवताना मावशींच्या सुनेला मातीत एक तांब्याचं नाणं लागलं. घासू नको, म्हणून आम्ही ओरडलो, कारण घासलं की अक्षरं जातात. नाणं आता गटाच्या पेटीत कागदात आहे. ढब्बू पैसा की शिवराई, यावर बैठकीत अर्धा तास गेला. दहा रुपयांच्या वरचं आहे का, हेही ठरेना. शेवटी अर्ज लिहिला: एक नाणं, किती फुटांवर, कोणत्या गटनंबरात, तारीख अमुक. सोमवारी दोघी जणी तो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहेत.